दगडावर काढलेला कोबी

आजचा विषय कोबी. हसू नका, आणि पान बंदही करू नका :) मेसच्या डब्यात आठवड्यातून तीनदा येणाऱ्या पाणचट भाजीबद्दल नाही लिहीत. लिहितोय अशा एका कोबीबद्दल, जो अख्ख्या जगात फक्त चार बेटसमूहांवर उगवतो. त्याच्या जिवावर एकेकाळी दोन जहाजांवरची माणसं धडधाकट राहिली, आणि त्याचं चित्र काढलं अशा माणसाने ज्याने ते बेट जन्मात पाहिलं नव्हतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'कोबी' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, त्यांच्या 'कोव'वरून. नवलकोलातला 'कोल' डच-जर्मन वळणाचा. शब्द समुद्रावरून आले आणि गंमत म्हणजे झाडही मूळचं समुद्राकाठचंच मानलं जातं. इंग्लंड-फ्रान्सच्या किनाऱ्यावर चुनखडीच्या कड्यांना चिकटून जंगली कोबी आजही वाढतो. त्याला गड्डा नसतो. जाड, निळसर, मेणचट पानं, वर पिवळ्या फुलांचा तुरा. खारा वारा आणि चुना त्याला चालतो, गर्दी मात्र अजिबात चालत नाही. गवता-झुडपांच्या स्पर्धेत तो हरतो म्हणून जिथे दुसरं कुणी टिकत नाही तिथे बिऱ्हाड करतो. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल ही सगळी याच एका जातीची पिलावळ. शंभरेक वर्षं सगळे म्हणत होते की हे कड्यांवरचे कोबी म्हणजे आपल्या भाजीचे पूर्वज. पण २०२१ मध्ये एक जनुकीय अभ्यास आला. त्यात सगळ्यात जवळचा जंगली नातलग निघाला भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचा, क्रीट बेटाच्या नावाचा कोबी. म्हणजे इंग्लंडच्या कड्यांवरचे बरेचसे कोबी बहुधा कुणाच्या तरी परसातून पळालेले!

या मोहरी कुळात समुद्राकाठी राहणारे अजूनही बरेच आहेत. इंग्लंडच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर 'सी केल' नावाची एक भाजी उगवते. लोक तिच्या कोंबांवर गोटे रचायचे, म्हणजे कोंब अंधारात पांढरे आणि कोवळे राहायचे, आणि मग बाजारात नेऊन विकायचे. १७९९ मध्ये विल्यम कर्टिस नावाच्या माणसाने ही भाजी बागेत कशी लावायची यावर एक छोटी पुस्तिकाच काढली. याच कर्टिसने १७८७ मध्ये रंगीत चित्रांचं एक वनस्पतींचं मासिक सुरू केलं होतं, ते अजूनही चालू आहे. मासिक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि मग खलाशांचा प्रश्न. महिनोन् महिने खारवलेलं मांस आणि बिस्किटं खाऊन हिरड्या सुजायच्या, दात पडायचे, जुन्या जखमा परत उघडायच्या. स्कर्व्ही. जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने १७४७ मध्ये बारा खलाशांवर प्रयोग करून लिंबू-संत्र्याचा उपयोग दाखवला, पण क जीवनसत्त्व हाती लागायला १९२८ उजाडलं. मधल्या काळात अनुभव एवढंच सांगायचा की किनाऱ्याला लागलं की हिरवं काहीतरी खा, आणि ते तिखटसर असेल तर उत्तम. हे तिखटसर हिरवं बहुतेकदा मोहरी कुळातलं असायचं. त्यातल्या एकाचं तर इंग्रजी नावच 'स्कर्व्ही-गवत' पडलंय.

आता नकाशा काढा. मुंबईवर बोट ठेवा आणि सरळ खाली या. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग नुसतं पाणी, आणखी पाणी. साधारण साडेसात हजार किलोमीटरवर, जरासं पश्चिमेला, केर्गेलन बेटं लागतात. म्हणजे हिंदी महासागरच, आपलाच समुद्र म्हणायला हरकत नाही, फक्त त्याचं पार दुसरं टोक. झाड नावाला नाही, वारा अखंड. १७७२ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी केर्गेलन इथे आला म्हणून हे नाव. पुढे १७७६ च्या नाताळात कॅप्टन कुक आपल्या तिसऱ्या सफरीवर पोचला. ज्या खाडीत नांगर टाकला तिचं नाव पडलं ख्रिसमस हार्बर. बेटाला मात्र त्याने उजाडपणाचं बेट म्हटलं.

कुकच्या पहिल्या सफरीत जोसेफ बँक्ससारखा श्रीमंत निसर्गअभ्यासक आणि त्याचे चित्रकार होते. या वेळी तशी चैन नव्हती. वनस्पतींचं काम जहाजाचा सर्जन विल्यम अँडरसन फावल्या वेळात करत होता. त्याला किनाऱ्यालगत एक कोबीसारखं झाड दिसलं. मोठाल्या पानांचा गेंद, जमिनीवर लोळणारं जाड खोड, आणि मधून न निघता पानांच्या बगलेतून निघालेले फुलांचे दांडे. त्याने नीट वर्णन लिहिलं आणि नाव दिलं प्रिंग्लिया. सर जॉन प्रिंगल हे तेव्हाचे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष, आणि खलाशांचं आरोग्य सांभाळल्याबद्दल कुकला पदक मिळालं ते त्यांच्याच कारकिर्दीत. अँडरसन १७७८ मध्ये समुद्रावरच क्षयाने गेला. त्याची वही बँक्सच्या संग्रहात जाऊन पडली. पुढची साठेक वर्षं हे झाड जगाच्या दृष्टीने एका हस्तलिखितातलं टिपण होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड लिहिलेलं, पण रिलीज झालेलं नाही.

त्या सफरीतून एक गोष्ट मात्र छापून आली. जॉन वेबर हा सफरीचा अधिकृत चित्रकार. त्याने ख्रिसमस हार्बरचं दृश्य काढलं आणि १७८४ मध्ये सफरीचं वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा त्यात ते आलं. खाडी, पेंग्विन, त्यांच्यामागे लागलेले खलाशी, आणि समुद्रात उभी असलेली दगडाची प्रचंड कमान.

चाळीसेक वर्षांनी हे पुस्तक एका लहान मुलाच्या हातात आलं. आजोबांच्या मांडीवर बसून तो चित्रं बघायचा. त्याने म्हातारपणी सांगितलंय की ती कमान स्वतः बघायला मिळाली आणि पेंग्विनच्या टाळक्यात एक हाणता आली तर आपल्याइतकं सुखी कुणी नाही असं त्याला तेव्हा वाटायचं. (पेंग्विनवाला भाग आज सांगवत नाही, पण १८२० च्या सुमारासचं पोर आहे, सोडून द्या.) हा मुलगा म्हणजे जोसेफ डाल्टन हूकर.

मे १८४० मध्ये तो खरोखर तिथे पोचला. जेम्स क्लार्क रॉसची दक्षिण ध्रुवाकडची मोहीम, जहाजं 'एरेबस' आणि 'टेरर', आणि हूकर एरेबसवर सहायक सर्जन. वय बावीस. तेविसावा वाढदिवस, ३० जून, त्याच बेटावर. वाढदिवसाची हवा कशी असेल याचा अंदाज रॉसच्या नोंदीवरून येतो: ६८ दिवसांच्या मुक्कामात ४५ दिवस वादळी वारा, आणि पाऊस किंवा बर्फ पडलं नाही असे दिवस फक्त तीन. भर हिवाळा. हूकर लिहितो की काही उत्तम दगडफुलं त्याने हातोडीने ठोकून काढली, आणि काही मिळवण्यासाठी गोठलेल्या पुंजक्यावर ते वितळेपर्यंत चक्क बसून राहिला. अँडरसनला इथे जेमतेम अठरा वनस्पती सापडल्या होत्या. शेवाळ, दगडफुलं सगळं धरून हूकरने आकडा दीडशेपर्यंत नेला. रॉसने त्याला आपल्या केबिनमध्ये टेबल वापरायला दिलं होतं. तिथे बसून तो नमुने तपासायचा, चित्रं काढायचा.

आणि कोबी? तो रोज ताटात. नऊ आठवडे खारवलेल्या मांसाबरोबर हाच कोबी शिजवून वाढला जात होता, आणि जहाजावर कुणी आजारी पडलं नाही. हूकरच्या मते पानांची चव साध्या कोबीसारखी, मूळ हॉर्स-रॅडिशच्या अंगाने जाणारं. पुढे ब्रिटिश म्युझियममधल्या रॉबर्ट ब्राऊनच्या मदतीने अँडरसनचं जुनं नाव हूकरने छापात आणलं: प्रिंग्लिया अँटिस्कॉर्ब्युटिका, स्कर्व्हीला मारक असा प्रिंगलचा कोबी. अँडरसन जाऊन तोवर पासष्टेक वर्षं झाली होती.

याच दोन जहाजांचा पुढचा प्रवास तुम्हाला माहीत असेल. १८४५ मध्ये फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' घेऊन उत्तरेकडे गेला. १२९ माणसं, एकही परतला नाही. कशाने मेले यावर अजून वाद आहेत. थंडी, उपासमार आणि स्कर्व्ही ही नावं त्यात नेहमी येतात. जहाजं सापडली २०१४ आणि २०१६ मध्ये, समुद्राच्या तळाशी.

आता चित्राकडे येऊ.

मोहिमेतून आल्यावर हूकरला वनस्पतींच्या चित्रांसाठी सरकारकडून हजार पौंड मंजूर झाले. चित्रं काढली वॉल्टर हूड फिचने. हाही १८१७ चाच, हूकरपेक्षा चार महिन्यांनी मोठा. ग्लासगोत कापडावर नक्षी छापण्याच्या धंद्यात उमेदवारी करत होता. हूकरचे वडील तेव्हा तिथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी याचा हात ओळखला आणि कामाला घेतलं. १८३४ मध्ये कर्टिसच्या त्या मासिकात त्याचं पहिलं चित्र आलं, म्हणजे वय सतरा. १८४१ मध्ये थोरले हूकर क्यू बागेचे संचालक झाले, फिचही त्यांच्याबरोबर लंडनला गेला. 'फ्लोरा अंटार्क्टिका' १८४४ ते १८४७ मध्ये भागाभागाने निघालं तेव्हा लेखक आणि चित्रकार दोघेही सत्तावीस ते तीस वर्षांचे होते. आमच्या वयाची पोरं! आम्ही या वयात फार तर कुणाच्या तरी पेमेंट मॉड्यूलमधले बग काढतो. असो.

फिच केर्गेलनला गेला नाही. त्याच्यासमोर होते वाळवून कागदावर दाबलेले नमुने, पापडासारखे चपटे आणि तपकिरी, आणि हूकरची टिपणं-रेखाटनं. त्यातून जिवंत झाड उभं करायचं. पान कुठल्या बाजूला वळलं असेल, गेंद किती फुगीर असेल, खोड जमिनीवर कसं टेकलं असेल. पुढे १८६९ मध्ये फिचने बागकामाच्या एका साप्ताहिकात वनस्पतिचित्रणावर लेखमाला लिहिली. वाळलेल्या नमुन्यावरून चित्र काढणं हीच चित्रकाराची खरी परीक्षा, असं त्याचं मत होतं. त्याला ते म्हणायचा अधिकार होता. शिवाय छपाई शिळाछापाची. म्हणजे चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचं, त्यावरून छापायचं. छापल्यावर डावं-उजवं उलटतं, ते डोक्यात धरून. फिच पुष्कळदा थेट शिळेवरच काढायचा. अन्डू नाही.

आपल्याला वाटतं, फोटो असताना आता या चित्रांचं काय कौतुक? मलाही कॅमेऱ्याचं वेड आहे, तरी सांगतो, फोटो एका झाडाचा, एका क्षणाचा असतो. वनस्पतिचित्र 'त्या जातीचं' असतं. कळी, उमललेलं फूल, पिकलेली शेंग, आतलं बी, जे निसर्गात एका वेळी एकत्र दिसणार नाही ते एका कागदावर. फुलाचे भाग सुटे करून, मोठे करून खाली मांडलेले. आणि ते मांडायचे तर मोजावे लागतात. प्रिंग्लियात खरी मजा इथेच आहे.

मोहरीचं फूल आठवा. चार हिरवी निदलं, चार पिवळ्या पाकळ्या अधिकच्या चिन्हासारख्या, सहा पुंकेसर, त्यात चार उंच दोन बुटके. या कुळाचं जुनं लॅटिन नावच 'क्रूसधारी' अशा अर्थाचं होतं. कोबी, मुळा, हळीव, सगळ्यांचा हाच साचा. मात्र प्रिंग्लियाच्या फुलात पुंकेसर सहा आहेत, निदलं चार आहेत, आणि पाकळ्या बहुतेक वेळा नाहीतच. कधी एखादी उगवते, क्वचित चारही, पण नियम म्हणजे शून्य. क्रूसधारी कुळातला क्रूस गायब!

कारण बेटावर आहे. पाकळ्या असतात किड्यांना बोलवायला. केर्गेलनवरचे कित्येक किडे उडतच नाहीत. अशा वाऱ्यात पंख पसरले की थेट समुद्रात. तिथल्या अनेक माश्यांना आणि पतंगांना पंख नाहीत किंवा नुसते खुंट आहेत. मग कोबीने परागकण वाऱ्यावर सोपवले. पुंकेसर फुलाबाहेर लांब डोकावतात, आणि स्त्रीकेसराच्या टोकावर पराग अडकवायला लांब केसांचा झुबका. फुलांचे दांडे वाऱ्यात उंच उभे. पाकळ्या म्हणजे वापरात नसलेलं फीचर, हळूहळू काढून टाकलेलं. 'नाही' ही गोष्ट फोटोत दिसत नाही. गळून पडली असेल, कुठे मागे असेल असं वाटतं. चित्रकार आणि शास्त्रज्ञ सुईने फूल उकलून जेव्हा मांडतात, तेव्हा 'नाही' ही नोंद होते.

हूकर पुढे भारतात आला, १८४८ ते १८५० हिमालयात हिंडला, आणि त्याच्या देखरेखीखाली १८७२ ते १८९७ मध्ये ब्रिटिश भारताच्या वनस्पतींचे सात खंड निघाले. आपल्याकडच्या वनस्पतींवर काम करणारे अजून त्यांचा आधार घेतात. जाता जाता एक इंजिनिअर लोकांसाठी: मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा तसाच ग्रंथ १९०१ ते १९०८ मध्ये लिहिला थिओडोर कुकने. (हा वेगळा कुक.) मूळचा सिव्हिल इंजिनिअर, रेल्वेसाठी वसईचा लोखंडी पूल बांधणारा, आणि नंतर पुण्याच्या कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्राचार्य. तेव्हा आपल्या जमातीतल्या कुणी शनिवार-रविवारी झाडांच्या मागे लागलं तर नावं ठेवू नयेत.

फिच मात्र शिळेपाशीच राहिला. कर्टिसच्या एकट्या मासिकासाठी सत्तावीसशेहून जास्त चित्रं, आयुष्यभरात छापून आलेली सगळी मिळून जवळपास दहा हजार. सरासरी काढून बघा, आठवड्याला चार, चाळीसहून अधिक वर्षं. हूकरने त्याच्या नावाने पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या एका वनस्पतीला 'फिचिया' नाव दिलं, तेही १८४५ मध्येच. पण नाव देणं वेगळं आणि दर वाढवणं वेगळं. १८७७ मध्ये पैशावरून दोघांचं बिनसलं आणि फिचने मासिक सोडलं. तोवर थोरले हूकर वारले होते आणि जोसेफ हूकर क्यूचा संचालक, शिवाय रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता. १८८० मध्ये फिचला सरकारकडून वर्षाला १०० पौंड पेन्शन सुरू झाली. तो १८९२ मध्ये गेला. हूकर ९४ वर्षं जगला. मला हूकर आवडतो, अगदी मनापासून. गोठलेल्या दगडफुलावर बसून राहणारा माणूस न आवडून कसं चालेल. तरी या बाबतीत माझं मत फिचच्या बाजूने आहे. चाळीस वर्षं एकाच टीमसाठी राबलेल्या माणसाशी दरावरून घासाघीस करायची नसते.

राहिला कोबी.

१८७४ हे शुक्राच्या अधिक्रमणाचं वर्ष. ९ डिसेंबरला शुक्र सूर्यबिंबावरून सरकणार होता आणि त्यावरून सूर्याचं अंतर मोजायचं होतं. केर्गेलन ही मोक्याची जागा, त्यामुळे ब्रिटिश, जर्मन आणि अमेरिकन, तिन्ही पथकं तिथे पोचली. ब्रिटिश पथकात ईटन नावाचे एक पाद्री निसर्गअभ्यासक म्हणून होते. प्रिंग्लियाच्या पानांच्या बेचक्यात राहणाऱ्या बिनपंखी माशीचं शास्त्रीय वर्णन त्यांनीच १८७५ मध्ये केलं. या माशीचं सगळं बिऱ्हाड त्या कोबीवर. आणि त्याच ब्रिटिश मोहिमेने केप कॉलनीतून आणलेले ससे बेटावर सोडले.

सशांना कोबी दिला, मग काय होणार? लाखो वर्षं या झाडाने चार पायांचा शाकाहारी प्राणी पाहिलेलाच नव्हता. मुख्य बेटावर ससे पसरले तिथून कोबीची कुरणं जवळजवळ साफ झाली. हूकरच्या वेळी जहाजं महिनोन् महिने पोसणारं झाड आता मोठ्या बेटाच्या बऱ्याच भागात शोधावं लागतं. सशांचं तोंड पोचत नाही अशा उभ्या कड्यांवर तो टिकून आहे, आणि ससे कधी गेलेच नाहीत अशा लहान बेटांवर. १९९० च्या दशकात फ्रेंच संशोधकांनी तीन छोट्या बेटांवरचे ससे पूर्ण काढून टाकले. तिथे काही स्थानिक झाडं परत आली, पण तोवर बाहेरून आलेल्या तणांनी पाय रोवले होते आणि उन्हाळे कोरडे व्हायला लागले होते, त्यामुळे सगळं काही पूर्ववत झालं नाही.

ती दगडी कमानही आता नाही. १९०८ ते १९१३ च्या मधे कधीतरी तिचं छप्पर कोसळलं, आणि समुद्रात दोन खांब उभे राहिले. पूर्ण कमान बघायची तर वेबरचं चित्र आहे. ख्रिसमस हार्बरच्या किनाऱ्यावरचा कोबी बघायचा तर फिचचं. 'फ्लोरा अंटार्क्टिका'ची पानं स्कॅन होऊन जालावर फुकट उपलब्ध आहेत. उघडलीत तर आधी झूम करून पाकळ्या शोधा.